पाणबुडी म्हणजे हवेचा हिशेब

“बुडायचं काय, कुणालाही जमतंय. ती वर कशी येत्या, ते सांग की.”

विशाखापट्टणमहून परतल्यावर मोबाइलमधले तिथल्या पाणबुडीचे फोटो शेवटपर्यंत बघून आईने एवढंच विचारलं. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या कामात माझी वीस वर्षं गेली. तेल, पाणी, दाब हे रोजचे शब्द. तरी तोंडातून निघालं काय, तर “आत टाक्या असतात, त्यांत पाणी घेतात आणि सोडतात.” त्यावर आई म्हणाली, “टाक्या आपल्या गच्चीवर पण हायत.”

तिचं बरोबर होतं. पाणी भरलं की जड होतं, हे कुणालाही कळतं. पण दोनशे मीटर खोल, चहूबाजूंनी समुद्र आत घुसायला टपलेला असताना टाकीतलं पाणी बाहेर काढायचं कशाने? आणि ते जे काही असेल, ते पुरवून किती दिवस वापरायचं? त्या पाणबुडीत मी दोनदा तिकीट काढून फिरलो, ते याच प्रश्नापायी.

लोंढ्याला गाडी धरून, हुबळी, बळ्ळारी, विजयवाडा असं करत आम्ही गेलो होतो. मी, बायको, मुलगा आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले काका. आमच्याकडच्या लोकांचा नौदलाशी संबंध येतो तो कारवारला. टागोर बीचवर ठेवलेली ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका शाळेच्या सहलीत बहुतेकांनी बघितलेली असते. पण ती पाण्यावर चालणारी बोट. पाण्याखाली चालणारी बघायची तर आयएनएस कुरसुरा. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ती समुद्राच्या काठाला उभी करून ठेवली आहे. सोमवारी बंद असते, एवढं लक्षात ठेवून जा.

ही ९१ मीटर लांबीची सोव्हिएत बनावटीची पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली, १९७१ च्या युद्धाच्या वेळी गस्तीवर होती, २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी लोकांना बघायला खुली झाली. एकतीस वर्षांत तिने ७३,५०० सागरी मैल कापले, म्हणजे सुमारे १,३६,००० किलोमीटर. पृथ्वीला तीन फेऱ्या होऊन वर थोडं उरतं. तिच्या आधीच्या तीन बहिणी कलवरी, खांदेरी आणि करंज. कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला दाखल झाली, म्हणून आपल्याकडे तो दिवस पाणबुडी दिन. खांदेरी हे नाव ऐकल्यावर काकांनी गाइडला तिथेच थांबवलं, आणि शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इंग्रजांच्या नाकासमोर ते बेट कसं बांधायला घेतलं, हे सगळ्या रांगेला हिंदीतून ऐकवलं. गाइड स्वतः नौदलातून निवृत्त. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं.

आता आईचा प्रश्न. त्याचं उत्तर मी शेवटी येळ्ळूरच्या शेतातल्या हौदावर दिलं. सामान होतं तळाला भोक पडलेली तांब्याची जुनी कळशी, सुतळी, एक दगड आणि सायकलचा पंप.

कळशी विहिरीत सरळ सोडली तर बुडबुड करत भरते आणि बुडते. उपडी धरून दाबली तर आतली हवा अडकते आणि कळशी हाताला वर ढकलते. आमच्या कळशीला तळाला भोक होतं, म्हणजे उपडी केल्यावर भोक वरच्या बाजूला. गळ्याला दगड बांधला, म्हणजे ती कलंडणार नाही. भोकावर बोट ठेवून हौदात सोडली तर ती तरंगत राहिली. बोट काढल्याबरोबर भोकातून हवा शिट्टी मारत निघाली, खालच्या तोंडातून पाणी आत चढलं आणि कळशी तळाला गेली.

पाणबुडीच्या मोठ्या टाक्या अशाच असतात. त्यांना खालून तोंडं, वरून व्हॉल्व्ह. वरचे व्हॉल्व्ह उघडले की हवा निघते, खालून समुद्र आपोआप आत येतो. त्यासाठी पंप लागत नाही. पाण्यावर तरंगताना कुरसुराचं वजन साधारण १,९५० टन, पाण्याखाली साधारण २,४७५. मधले सव्वापाचशे टन पाणी ती दर बुडीला पोटात घेते.

वर यायचं तेव्हा उलटं. मुलाने हौदात खांद्यापर्यंत हात घालून भोक अंगठ्याने दाबून धरलं, मी पंपाची नळी कळशीच्या तोंडाखाली नेली आणि पंप मारायला लागलो. बुडबुडे आत जमत गेले, तेवढं पाणी खालून बाहेर पडत गेलं. पंचवीस-तीस दट्टे झाल्यावर कळशी हलली, आणि एकदा हलली ती थांबली नाही, सरळ वर. आई म्हणाली, “हां. म्हणजे फुंकून काढत्यात.”

पाणबुडीतले लोकही जवळजवळ हेच म्हणतात. टाक्या फुंकायच्या. त्यासाठी हवा आधीच पोलादी बाटल्यांत दाबून ठेवलेली असते, दर चौरस सेंटिमीटरला साधारण २०० किलो दाबाने. ट्रकच्या चाकातली हवा आठ-नऊ किलोची असते, त्यावरून अंदाज करा. ही हवा भरायचे कॉम्प्रेसर चालवायचे तर पाणबुडीला बाहेरची मोकळी हवा मिळाली पाहिजे. आणि इथूनच माझ्या डोक्यात ते चक्र सुरू झालं. पाणबुडीतली जी जी गोष्ट गाइड दाखवत होता, ती शेवटी हवेपाशीच येऊन थांबत होती. हवा कुठून आणायची, कुठे साठवायची, कशावर खर्च करायची, आणि परत कधी मिळणार.

खोलीबरोबर हा खर्च कसा वाढतो ते बघण्यासारखं आहे. दर दहा मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरमागे एक किलोने वाढतो. येळ्ळूरच्या आमच्या विहिरीच्या तळाशी तो एक-सव्वा किलो असेल. कुरसुराच्या जातीची पाणबुडी २५० मीटरपर्यंत जायची. तिथे २५ किलो. साठ सेंटिमीटर व्यासाचं गोल झाकण घेतलं तर त्या एका झाकणावर सत्तर टन भार येतो, म्हणजे उसाने भरलेले साडेतीन ट्रक. आता बाटलीतली हवा घ्या. २०० किलो दाबाची एक लिटर हवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ सोडली तर तिची जवळजवळ दोनशे लिटर होते, दोनशे लिटर पाणी बाहेर काढते. तीच हवा २५० मीटरवर सोडली तर जेमतेम आठ लिटर. खाली गेल्यावर तीच बाटली पंचवीसपट कमी कामाची. म्हणून शहाणा कप्तान खोलवर टाक्या फुंकत बसत नाही. पुढे चालत राहून, पंखांसारख्या आडव्या पात्यांचा कोन बदलून तो पाणबुडीला वर चढवतो, आणि पृष्ठभागाजवळ येऊन मग हवा खर्च करतो. खोलवर फुंकायची ती संकटात.

कुरसुराच्या बाहेरच्या कवचाला हात लावून मुलगा म्हणाला, “एवढासा पत्रा?” गंमत अशी की बाहेरून जे दिसतं ते दाब घेणारं अंग नव्हेच. या पाणबुडीला दोन कवचं. बाहेरचं हलकं, पाण्यातून सरकायला नीट आकार देणारं. आत जाड पोलादाची नळकांड्यासारखी खोली, माणसं राहतात ती. दोन्हींच्या मधल्या जागेत त्या टाक्या. टाकीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी, दोन्हींचा दाब सारखा, मग तिथे जाड पत्रा लागतो कशाला?

आतलं नळकांडं मात्र खोलवर गेलं की थोडं आवळतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं, पण आवळतं. आकार घटला म्हणजे ते कमी पाणी बाजूला सारतं, म्हणजे पाण्याचा आधार घटतो, म्हणजे पाणबुडी आणखी खाली जायला बघते. त्यामुळे ‘पाण्याच्या मध्ये एका जागी निवांत तरंगत राहिली’ असं चित्र आपण डोक्यात धरतो, ते फसवं आहे. टेकडीच्या टोकावर ठेवलेल्या गोटीसारखी तिची अवस्था असते. कुणीतरी सतत सांभाळावं लागतं.

किती बारीक सांभाळायचं? समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. एवढ्याने काय होतं असं वाटेल. पण २,४७५ टनांची पाणबुडी खाऱ्या पाण्यातून एकदम गोड्या पाण्यात गेली तर ती ६० टनांनी जड ठरते आणि खाली बसायला लागते. बंगालच्या उपसागरात तर गंगा, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या आपलं पाणी आणून ओततात, त्यामुळे वरचा थर कमी खारट असतो. घटप्रभा आणि मलप्रभा कृष्णेलाच मिळतात, म्हणजे त्या थरात थोडं पाणी आमच्या जिल्ह्यातलंही असतंच. शिवाय डिझेलचा घोळ. इंधन जसं संपेल तशी टाकीत खालून समुद्राचं पाणी घेतात, डिझेल हलकं म्हणून वर तरंगत राहतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ही जगावेगळी गाडी इंधन संपेल तशी जड होत जाते. हा सगळा हिशेब जुळवायला मोठ्या टाक्यांशिवाय लहान टाक्या असतात, आणि त्यांना मात्र पंप असतात. आईला मी हे सांगितलं नाही. तिने परत गच्चीवरची टाकी काढली असती.

आपल्या तळ्यांमध्ये टिबुकली असते ना, तिलाही काही जण पाणबुडीच म्हणतात. ती पिसं अंगाशी आवळून त्यांतली हवा काढून टाकते आणि आवाज न करता पाण्यात उतरते. रशियातल्या कारखान्याने जे व्हॉल्व्ह लावून केलं, ते या पाखराला जन्मतः येतं.

आता आत चला. संग्रहालयासाठी बाजूने दार कापलंय, त्यामुळे शिडीच्या भोकातून उतरायला लागत नाही. एका टोकाने शिरायचं, दुसऱ्या टोकाने बाहेर. मध्ये सात खण, आणि दर दोन खणांमध्ये गोल दार, ज्यातून एक पाय, डोकं, दुसरा पाय अशा क्रमाने जायचं. काकांचं डोकं दोनदा आपटलं. एका खणात पाणी शिरलं तर दार बंद करून बाकीचे वाचावेत म्हणून ही रचना. दार बंद करणाऱ्याच्या मनाचं काय, हे गाइडने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

पहिल्या खणात पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो. पुढे सहा नळ्या, मागच्या टोकाला चार, एकूण २२ पाणतीर मावायचे. जाडी ५३३ मिलिमीटर. पाणतीर सुटतो तोही दाबलेल्या हवेच्या धक्क्याने. ती हवा बुडबुड्यांच्या रूपात वर गेली तर शत्रूला जागा कळणार, म्हणून धक्का देऊन झाल्यावर ती परत आत ओढून घेतात. पाणतीर गेला की पाणबुडी पुढून एकदम हलकी होते आणि नाक वर काढायला बघते. तेवढंच पाणी लगेच आत घ्यायचं. मला हा खण बघताना सगळ्यात नवल वाटलं ते याचं की या दारूगोळ्याच्या कुशीत माणसांच्या झोपायच्या फळ्या होत्या.

एकूण माणसं ७५. पाळ्या लावून काम, एकाने उठायचं आणि दुसऱ्याने त्याच गरम जागेवर पडायचं. काका बाहेर आल्यावर म्हणाले, “आम्ही खंदकात झोपलोय. पण वर आभाळ होतं.”

मधले खण भराभर दाखवतात. पेरिस्कोप, पाण्यातल्या आवाजावरून वेध घेणारं सोनार यंत्र, नकाशाचं टेबल. लोक तिथे फोटो काढायला गर्दी करतात. मी पायाखालच्या झाकणांकडे बघत होतो, कारण तिथे बॅटऱ्या. आपल्या ट्रकमधल्या बॅटरीसारख्याच, शिसं आणि ॲसिडच्या, पण माणसाएवढ्या उंच आणि चारशेहून अधिक. सगळ्या तळाशी, म्हणजे कळशीला बांधलेल्या दगडाचं कामही त्याच करतात.

बॅटरी का, तर परत हवा. कुरसुराला २,००० अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिनं होती. डिझेल जळायला हवा लागते आणि ती पाण्याखाली नाही. म्हणून वर असताना इंजिनं चालवून बॅटऱ्या भरायच्या, खाली गेल्यावर इंजिनं बंद करून बॅटरीवर मोटारी चालवायच्या. बॅटरीवर ती ताशी दोन सागरी मैल, म्हणजे आपण बाजारात चालतो त्या वेगाने गेली तर ३८० मैल, म्हणजे सातशे किलोमीटर जाऊ शकायची. पण पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. पंधरा मैलांचा पूर्ण वेग घेतला तर तासा-दीड तासात बॅटरी रिकामी. पाठलाग करायचा की लपून बसायचं, हा निर्णय शौर्याचा जेवढा, तेवढाच मीटरच्या काट्याचा.

बॅटरी संपत आली की पूर्ण वर येण्याऐवजी एक नळी पाण्याच्या वर काढून हवा ओढायची सोय असते. तिला स्नॉर्कल म्हणतात. नळीच्या तोंडाला एक व्हॉल्व्ह असतो. लाट आली की तो मिटतो, पाणी आत येत नाही. पण इंजिन थांबत नाही, ते पाणबुडीच्या आतलीच हवा खेचायला लागतं, आणि माणसांच्या कानांत दडे बसतात. लाट गेली की हवा भसकन परत. रात्रभर हे असं.

बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला तर एक ठिणगी पुरे. बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन, म्हणजे विषारी वायू. कुरसुरा जिथे उभी आहे, त्या किनाऱ्यासमोरच डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी आतल्या सगळ्या माणसांसह बुडाली. आयएनएस राजपूतच्या स्फोटकांनी, असं आपलं नौदल मानतं. तिचेच सुरुंग फुटले, असं पाकिस्तान म्हणतं. हायड्रोजनचा स्फोट झाला असेल, असं म्हणणारेही आहेत. विजयाचं स्मारक तिथून जवळच आहे. मी दोन्ही बघितलं. बॅटरीचा खण बघून गेल्यावर स्मारकाकडे बघायची नजर थोडी बदलते.

आणि श्वासाची हवा? आपल्याला वाटतं प्राणवायू संपेल आणि माणूस गुदमरेल. खरं संकट आधी येतं ते उच्छ्वासाचं. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड बंद जागेत साठत जातो. तीन टक्क्यांच्या आसपास डोकं ठणकतं, धाप लागते; पाचाच्या वर गेला की विचार करायची शुद्ध राहत नाही. प्राणवायू तेव्हाही शिल्लक असतो. सोव्हिएत पाणबुड्यांत यासाठी रसायनाच्या वड्या असत. त्या कार्बन डायऑक्साइड शोषून प्राणवायू सोडतात. सोय छान, पण तेलाचा हात लागला तर पेट घेतात. सगळीकडे तेल असलेल्या जागेत!

अणुपाणबुडी या हवेच्या कचाट्यातून सुटली. अणुभट्टीला हवा लागत नाही, आणि विजेवर समुद्राच्या पाण्यापासूनच प्राणवायू काढता येतो. आपली अरिहंत २०१६ मध्ये दाखल झाली, ती तशी. ती किती दिवस खाली राहील याला बंधन उरतं ते शिध्याचं आणि माणसांच्या सहनशक्तीचं.

हौदावर आईला मी यातलं बरंच सांगितलं. तिने स्नॉर्कलपर्यंत मान डोलावली, पाणतिरात तिला रस नव्हता. मग म्हणाली, “पंच्याहत्तर माणसं म्हणतोस. मग फोडणी?”

“म्हणजे?”

“फोडणी दिली की खाट उठत्या, ती जात्या कुठं?”

या प्रश्नावर मी गाइडला अडवायला हवं होतं. स्वयंपाकघर बघितलं होतं मी, आमच्या देवघराएवढं, विजेच्या शेगडीचं. खिडकी नाही, धुराडं नाही. खाली असताना मिरची जळली तर तो ठसका सातही खणांतून फिरून परत स्वयंपाक्याकडेच येणार. तेवढंच सांगितलं. आईने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, “मग अंघोळ?”

“गोडं पाणी मोजून. रोजची नाही.”

ती काही बोलली नाही. हौदातून कळशी काढून तिने दगडाची सुतळी सोडली, भोकातून उन्हाकडे बघितलं आणि कळशी माझ्या हातात दिली. “उद्या जाताना याला डाग लावून आण.”